डोंगरातली हाक

"अवो!" धुरपताबाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"ओऽ!" धबधब्याकडून सहलीला आलेला कुणी भलताच गडी ओरडला. दुसऱ्या हाकेला दोघांनी ओ दिली. डोंगरभर नवरेच नवरे, अन् हवा तो एक नाही!

जिंतूरच्या डोंगरात फिरायची हौस सून अर्पिताची. झरीहून जीप करून तिनं सासूसासऱ्यांना आणलं. पायाखालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, असं तिनं सांगितलं मात्र, दिनकररावांना दम निघेना. "वर काय हाय बघून येतो" म्हणून गेले, त्याला दीड तास झाला. अंगात साखरेचा आजार, जेवायची वेळ टळलेली, त्यात सागाच्या झाडीत ढग उतरलेले.

"आत्याबाई, मी खालून माणसं आणते. तुमी हितून हलू नका," म्हणत अर्पिता पळाली.

म्हणे हलू नका! धुरपताबाईंनी पदर खोचला, भाकरीचं फडकं काखेत मारलं अन् चढायला लागल्या. गुडघे कुरकुरले, तर कुरकुरू देत. ओल्या कातळावर दोनदा आपटल्या, पण मागं फिरल्या नाहीत.

वरच्या कपारीशी त्या थांबल्या. 'अवो' म्हणून त्यांना कसं कळावं? चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं ते उखाण्यात, तेही लाजत. पण जीव टांगणीला लागल्यावर कसली आलीय लाज!

"दिनकरराव!"

उत्तर नाही.

"दिनकरराव, ओ द्या की!"

काहीच नाही. धुरपताबाईंना रडू फुटलं. मग 'राव' कुठल्या कुठं गेलं.

"दिनकर! आरं दिनकर!"

"ओ, माय!" खालच्या झुडपामागून बारीक आवाज आला.

दिनकरराव पाय मुरगळून बसले होते, घामानं डबडबलेले. धुरपताबाईंनी आधी भाकरीचा अन् गुळाचा घास त्यांच्या तोंडात कोंबला, मग चिडल्या.

"पहिल्या दोन हाकांना काय झालं होतं?"

"रानात बाईनं नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची न्हाई, मनतेत. चकवा असतोय." त्यांनी घास गिळला. "तिसऱ्यांदा वाटलं, माय आली."

"त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली की!"

"तेच तर. मनलं, न्यायला आली असंल. जावं आता."

धुरपताबाईंनी भाकरीचं फडकं बांधून पुन्हा काखेत मारलं. मग त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"कुठं जायचं न्हाई. खाली जायचं. उठा."