दोन्या सुलेमाने लावलेली नावं

"चेहरे आहेत. नावं कुठायत?" देलियाने विचारलं.

अन्सेल्मो कीबोर्डवर खटपट करत होता. क्लबच्या जुन्या कॉम्प्युटरने परवा मान टाकली होती. नव्यावर लिनक्सची नवी आवृत्ती होती, आणि तिच्यावर त्याचा 'काहोन' काही केल्या चालेना. काहोन म्हणजे फोटो नीट लावून ठेवायचा प्रोग्रॅम. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी करून उरलेल्या वेळात त्याने तो उभा केला आणि जगाला फुकट वाटला. एकेकाळी पोलंडपासून पेरूपर्यंतची माणसं हातभार लावायची. मग कुणाला मुलं झाली, कुणाला बढती मिळाली. काहोनला वाली म्हणून हा एकटाच उरला.

रोसारिओ शहरातल्या या वस्तीच्या क्लबाचे सगळे फोटो त्यातच होते. देलियाची आई सुलेमा, जिला सगळे आदराने दोन्या म्हणत, दर शनिवारी येऊन बसायची आणि एकेका चेहऱ्याला नाव लावायची. "हा बेनितो. एवढा खूश दिसतोय म्हणजे बायको माहेरी गेलेली असणार." गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिच्याएवढी माणसं ओळखणारं आता वस्तीत कुणी नव्हतं.

"फोटोतच का नाही लिहून ठेवलीस रे नावं?"

"मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा माझा नियम. नावं वेगळी ठेवली, काहोनच्या पोटात."

"आणि काहोनच मेला तर?"

"तो मरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं."

केवढी घमेंड होती त्याला या नियमाची! त्यापायी तो चांगल्या चांगल्या लोकांशी भांडला होता. आता त्याला देलियाकडे बघवेना.

नशिबाने जुनी डिस्क शाबूत होती. काहोनची डागडुजी करून आणखी वर्षभर रेटता आलं असतं. नाहीतर नावं बाहेर काढून फोटोंच्या फाइलींमध्येच लिहायची, म्हणजे ती कुणाच्याही प्रोग्रॅमला वाचता येतील. मग काहोनची गरजच उरणार नव्हती.

"तुझं पोर आहे ते," देलिया म्हणाली. "बघ बाबा."

"पोर माझं. नावं तुझ्या आईची."

सुटीचे दिवस घालून त्याने ते काम केलं. स्वतःचा नियम स्वतःच मोडला. मग काहोनच्या पानावर शेवटची सूचना टाकली: काहोन इथे थांबतो आहे, आपापली नावं फोटोंबरोबर घेऊन जा.

रविवारी देलियासमोर त्याने नवा प्रोग्रॅम उघडला. कुठल्या तरी अनोळखी पोरांनी लिहिलेला, तोही फुकटच. बेनितोखाली बेनितोचं नाव आलं. नावं सगळी आली. अन्सेल्मोला बरं वाटलं आणि त्याचा जळफळाटही झाला. हा तर चेहरेही आपणहून ओळखत होता.

मग गेल्या महिन्यातल्या जेवणाचा फोटो आला. देलियाच्या चेहऱ्याखाली प्रश्न होता: 'ही सुलेमा आहे का?'

अन्सेल्मोचा हात 'नाही'कडे गेला.

"थांब जरा." देलियाने खुर्ची पुढे ओढली. "मी इतकी आईसारखी दिसते? कुणी बोललं नाही ते."

"आम्ही रोज बघतो ना तुला. लक्षात येत नाही."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. त्याने माते या कडू पाल्याच्या चहात गरम पाणी ओतून भोपळ्याचा पेला तिच्या हातात दिला.

"नाहीच म्हण त्याला," ती शेवटी म्हणाली. "आई असती तर तिनेच खोडलं असतं. पण लगेच नको. एवढा माते पिऊन होऊ दे."

त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.