लाकडी पुलाखाली, सहा वाजून दहा मिनिटं

१/५. सहा वाजून दहा. लाकडी पुलाखाली. पोहत पूर्वेकडे.

दुधाचं पातेलं, बुडापासून काळं.

नागपूर, मुंबई, न्यूअर्क. वीस मार्च. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर मागितली होती. आली तेव्हा नको म्हणून परत पाठवली.

९/५. सहा वाजून पाच. तोंडात मासा. हनुवटीखाली पांढरा ठिपका.

मोठ्या आकड्यांचं घड्याळ. ज्याच्या हातात असेल तो माणूस कुठे आहे, ते घरच्यांच्या फोनवर दिसतं.

"बाबा, हे उद्यापासून हातात घालायचं. आणि कालव्यावर एकट्यानं जायचं नाही," सुजाता म्हणाली.

शंकररावांचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

"काहून? दूध जाळलं म्हणून?"

"फक्त दूध नाही." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या कालव्यावर मिंक नावाचा प्राणी कुठे आणि केव्हा दिसतो, याची माहिती एक हौशी मंडळ लोकांकडून गोळा करत होतं. शंकरराव त्याला पाण्यातलं मुंगूस म्हणत. लेकीकडे आल्यापासून ते रोज पहाटे पुलावर उभे राहत आणि वहीत लिहून ठेवत. त्यांची नात अनिका त्या नोंदी तक्त्यात भरून मंडळाला पाठवी. आता मंडळाची ईमेल आली होती. पाच जानेवारीला तुम्हाला प्राणी पोहताना दिसला, पण त्या दिवशी कालवा गोठलेला होता. आणि पाच सप्टेंबर तर अजून उजाडायचा आहे. कृपया तपासून बघाल का?

"जानेवारीत तुम्ही नागपुरात होतात, बाबा."

शंकररावांनी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात वैनगंगेची पातळी वाचली होती. रोज सकाळी सहाला, पुराच्या दिवसांत तासातासाला. साहेब बदलले, खाडा पडला नाही. पण दूध ते खरोखरच विसरले होते. गॅस चालू ठेवून दाढी करत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. मग हेही तसंच झालं असेल.

"असेल बाप्पा," ते म्हणाले आणि घड्याळाची पेटी जवळ ओढली. पट्ट्याचं बक्कल काही जमेना. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"पण त्या तक्त्यात दगडावरचा कुठाय? एकोणीस मिनिटं बसला होता अंग चाटत."

तो तक्त्यात नव्हता. त्यांनी अनिकाला हाक मारली. बावीस वर्षांची अनिका, हातात गाडीची किल्ली, दारातच थांबली.

"अनू, साऱ्या नोंदी भरल्या होत्या नं?"

"मोस्टली."

"मोस्टली म्हणजे?"

"आजोबा, आय ॲम लेट फॉर वर्क."

"अनिका," सुजाता म्हणाली.

"काही स्किप केल्या, ओके? तू म्हणालीस ना, आजोबांवर लक्ष ठेव, विसरायला लागलेत." तिनं वही ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिचा आवाज बारीक झाला. "आय डिडन्ट वाँट यू टू सी धिस, मम्मी. देअर इज नो फोर्टीन्थ मंथ."

१४/४. सहा वाजून वीस. दगडावर.

सुजाता ती ओळ बघत राहिली. त्या दिवशी जर्सी सिटीच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती. ती पांढरी साडी नेसून तयार होती आणि बाबा बूट चिखलानं भरवून आले म्हणून दारातच ओरडली होती.

"चौदा एप्रिल," ती म्हणाली.

"मग काय तर," शंकरराव म्हणाले. "अगं पोट्टे, आधी तारीख. मग महिना."

अनिकानं पुन्हा वहीत पाहिलं. "ओ माय गॉड. सो ही इज फाइन?"

"दूध जाळलं ते जाळलंच," शंकरराव म्हणाले.

अनिका हसली आणि डोळे पुसत कामाला पळाली. सुजाता हसली नाही. ती वहीची पुढची पानं चाळत होती.

"मीही काल ही वही उघडली होती, बाबा. १/५ बघितलं." तिनं वही मिटली. "जानेवारीच वाचलं."

शंकररावांनी चहातलं बिस्कीट चमच्यानं काढलं. चोवीस वर्षं झाली होती तिला इकडे येऊन, जिथे महिना आधी लिहितात आणि तारीख मागून.

"चहा घे," ते म्हणाले. "गार होतोय."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. घड्याळ हातात होतं, त्यांनी आपणहून घातलेलं. वेळ बरोबर दाखवतं, म्हणाले. पुलाखाली पाणी गढूळ होतं. एक बदक येऊन गेलं. त्यांनी वाट पाहिली आणि लिहिलं, महिना अक्षरात: १७ जून. सहा वाजून दहा. दिसला नाही.

सुजाताची आई गेली तो दिवस ९ ऑगस्ट १९९८. वैनगंगेच्या वहीत त्या दिवशीही शंकररावांच्या अक्षरात सकाळी सहाची नोंद आहे: दोन मीटर चाळीस.