आत्याच्या वाटेवरचा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. तुम्ही पाहिलेल्या खिडक्या भिंतीत उभ्या असतात. मला मात्र छपरात तिरकी निजवली आहे. निजवली म्हणते, पण झोप कुठली! कावळा येऊन बसला तरी दचकायला होते. ढग आला की खाली काय होत असेल या विचाराने मन थाऱ्यावर राहत नाही.

माझी चौकट सागवानी. सुतारकाकांनी ती तरुणपणी स्वतःच्या हाताने घडवली आणि एका दुमजली घरात, वरच्या पॅसेजच्या टोकाला बसवली. पॅसेज लांब आणि चिंचोळा. एका टोकाला मी आणि न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला जिना, मधे दोन खोल्या. बावीस वर्षे मी तिथे उभी होते. घरातली माणसे माझ्या गजांवर ओले टॉवेल वाळत टाकत आणि पुढे जात. माझे कौतुक करणारे माणूस एकच, आत्या.

आत्या म्हणजे घरमालक भाऊंची थोरली बहीण. ती शाळेत गणित शिकवायची. पुढे तिच्या डोळ्यांनी दगा दिला. चेहरे दिसेनात, अक्षरे दिसेनात. उरला फक्त उजेड आणि अंधार. पण तिने त्यावरही तोड काढली. "उजेड तोंडावर आला की न्हाणीघर, पाठीवर आला की जिना. सोपं आहे!" कुणी हात धरायला आले की ती झटकून टाकी. "मी काय पिशवीतली भाजी आहे, उचलून न्यायला?"

मग घरात जुळी मुले आली आणि जागा पुरेना. भाऊंनी वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली वाढवायचे ठरवले. तिचे दार नेमके माझ्या जागी येणार होते.

"पॅसेजमध्ये अंधार होईल हो," वहिनी म्हणाल्या.

"मग दिवा लावू की! बटण दाबलं की झाला दिवस," भाऊ हसत म्हणाले.

सुतारकाकांनीच मला काढले. पहार लागली तशा माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. मला पॅसेजमध्येच भिंतीला टेकवून ठेवले, भगदाडावर प्लायवूड ठोकले आणि छताच्या मध्यावर एक दिवा लावला. दिवा लख्ख होता. तरी माझा जीव सारखा खालीवर होत होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आत्या खोलीतून बाहेर आली आणि थबकली. तिने तोंड इकडे वळवले, तिकडे वळवले. उजेड सगळीकडे सारखाच! अखेर ती न्हाणीघराकडे म्हणून निघाली, ती थेट जिन्याकडे. मी चार हातांवर होते, पण मला ना तोंड, ना हात. तिचा उजवा पाय पायरीवर अधांतरी उचलला गेला, त्याच वेळी नव्या दाराची फळी खांद्यावर घेऊन सुतारकाका जिना चढत होते. त्यांनी फळी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी आत्याला धरले. फळी धडधडत खालपर्यंत गेली.

भाऊ धावत आले. चेहरा पांढराफटक. भीतीपोटी आवाज चढला. "ताई, हाक मारायला काय झालं होतं?"

"माझ्याच घरात न्हाणीघराला जायला हाक मारू?" आत्या म्हणाली.

"बरं, याहून मोठा दिवा लावतो."

"मोठा लावलास तरी तो डोक्यावरच ना? मी वळू कुठं?"

भाऊंना ते समजेना. वहिनींना समजले. त्यांनी खांद्यावरची ओढणी काढली, दुमडून भाऊंच्या डोळ्यांवर बांधली आणि त्यांना दोनदा गरकन फिरवले. "आता गाठा न्हाणीघर."

"त्यात काय एवढं!" म्हणत भाऊ ऐटीत निघाले. पाच पावलांवर ऐट गळाली, हात चाचपडू लागले. सातव्या पावलाला सुतारकाकांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. "थांबा साहेब. पुढं पायरी आहे."

भाऊंनी ओढणी सोडली. "आता काय करायचं?" त्यांनी सुतारकाकांना विचारले.

मग सुतारकाका बोलले. "खोली होऊ द्या, दारही तिथंच होऊ द्या. दाराच्या अलीकडं, न्हाणीघरासमोर, छपरात झरोका काढू. उजेड त्या टोकाला पडेल, जिन्याकडं येईतो मंद होईल. दिवसा हा दिवा मात्र बंद ठेवायचा. चौकट हीच वापरू, काच तेवढी जाड घालू."

"छपराला भोक? आणि गळलं तर?" भाऊ म्हणाले.

"गळलं तर मी मेलोय का?"

माझे गज काढले, झडपा काढल्या, मला दोरीने वर ओढले. मित्रांनो, खरे सांगते, मला ते आवडले नाही. समोर दिसणारे परस गेले. उघडणे-मिटणे गेले. पहिल्याच पावसात मी एका कोपऱ्यातून गळलेसुद्धा, आणि लाजेने अर्धमेली झाले. सुतारकाका आले, पत्र्याची पट्टी दुमडून बसवली, मला एक चापट मारली आणि निघून गेले.

पण त्याआधी, मला बसवले त्याच सकाळी, आत्या खोलीच्या उंबऱ्यावर आली. घरातले सगळे बघत उभे होते. तिने तोंड वळवले, थोडे वर केले. "उजेड जरा उंच गेलाय," ती म्हणाली, "पण आहे जागेवर." आणि कुणाचाही हात न धरता ती चालू लागली. वहिनींनी डोळे पुसले, ते मी वरून पाहिले.

मित्रांनो, घर वाढवा, खुशाल वाढवा. पण भिंत घालण्याआधी एकदा भर दुपारी सगळे दिवे बंद करून आत उभे राहा. आणि घरात ज्याला सर्वांत कमी दिसते, त्याला आधी विचारा. बांधून झाले की आम्हाला विसरूही नका. वर ठेवलेल्या वस्तूकडे कुणाची मान जात नाही, हा माझा अनुभव आहे.

परवाच्या वाऱ्यापासून माझ्यावर धूळ आणि सुकी पाने साचली आहेत. आज सकाळी आत्या दोन पावले चालून थांबली. "उजेड पातळ झालाय रे!" ती ओरडली. बटणाकडे कुणी गेले नाही. भाऊच ओले फडके खांद्यावर टाकून बाहेरून शिडी चढत आहेत. शिडी डगडगते आहे, आणि खाली कुणीच नाही. मित्रांनो, धरा रे कुणीतरी शिडी!