काटकसरीच्या साहेबाचा पाहुणचार

मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढायची, ही सरकारची हौस. त्यासाठी कर्जावर कर्ज काढलं. समुद्र काही बुजेना, व्याज मात्र वाढत गेलं. मग सरकारला काटकसर आठवली, आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, या न्यायाने ती पूर्णगडाजवळच्या एका वाडीतल्या मुलींच्या शाळेवर येऊन पडली. शाळेचं अनुदान ठेवायचं की तोडायचं, हे ठरवायला एक साहेब येणार होता.

दमयंतीबाई त्या शाळेतल्या एकट्या शिक्षिका. लहानपणीच विधवा झालेल्या. नोकरी गेली तर रत्नागिरीला दिराच्या घरी जन्मभर चुलीपुढे बसायचं, आणि त्या घराची त्यांना मनापासून भीती वाटे. त्यांनी ठरवलं, साहेबाला गळकं छप्पर दाखवायचं, फुटक्या पाट्या दाखवायच्या.

पण गाव ऐकतंय थोडंच! दारी आलेल्या पाहुण्याला उणं दिसू द्यायचं नाही, ही इथली रीत. गावकार आप्पांनी एका दिवसात छप्पर शाकारून घेतलं. त्यांच्या बायकोने, सोनूबाईंनी, चार गावांतून नवे परकर मागून आणले आणि मुलींना नेसवले. जेवायला मोदक, वर तुपाची धार. उसनं आणून मिरवायचं हे काही एकट्या सरकारलाच येतं असं नाही.

साहेबाने विचारलं, "काही अडचण?"

"छ्या! काय कमी नाय, साहेब," आप्पा म्हणाले.

साहेबाने बाईंकडे पाहिलं. छपराची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. पण अख्खा गाव हात जोडून उभा होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

महिन्याने टपाल आलं. पाहुणचाराची स्तुती आप्पांनी दोनदा वाचून घेतली. मग बाईंनी पुढचं वाचलं: गाव सुखवस्तू आहे, शाळेचा खर्च स्वतः सोसू शकेल, सबब अनुदान बंद.

आप्पा म्हणाले, "चुकलाव, बाई. साहेबाला परत बोलवू. हाय तसा दाखवू."

सगळ्यांना पटलं. सोनूबाईंनाही पटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पन त्येला जेवाय काय घालायचा? पावन्याला पेज कशी वाढू?"

आप्पांनी थोडा विचार केला.

"मोदकांना तांदूळ आनू उसनं," ते म्हणाले.

दमयंतीबाई घरी गेल्या आणि ट्रंक भरायला बसल्या.