सात वाट्या, दोन रंग

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात मामीच्या बोटांतून रेझिस्टर मसाल्याच्या डब्यात पडत, तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. धण्यांहून हलका, फुटक्या बांगडीहून कोरडा. सर्किटात वीज अडवणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या तुकड्यांवर किंमत सांगणारे रंगांचे बारीक पट्टे असत, आणि इंग्रजी आकडा न वाचता येणारी मामी केवळ ते पट्टे पाहून सात प्रकार सात वाट्यांत वेगळे करी. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर वाचणाऱ्या माणसाचं तेज असे.

मामा दहिवलीच्या घरात पाण्याची टाकी भरली की वाजणाऱ्या अलार्मचे संच बनवतो. शाळेतली मुलं ते स्वतः जोडतात. किलोवर आणलेल्या मिसळलेल्या ढिगातून रेझिस्टर निवडणं मामीकडे. साऱ्या संसारात खिडकीजवळची ती खुर्ची एवढीच जागा तिने स्वतः मिळवलेली. "सातवी नापास, पन रंगांत डॉक्टर," मामा पाहुण्यांना सांगे. ती हसे, डोळे वाट्यांवरून न काढता.

एवढ्या प्रकारांत मुलं गोंधळतात अशी तक्रार आली, तेव्हा मामाने सुट्या भागांची यादी सोपी करायला मला सांगितलं. चार दिवस मान वर न करता मी जोडणी बदलून रेझिस्टरच्या सात प्रकारांचे दोनच केले. हे दोन बाजारात कागदी पट्टीवर चिकटवलेले, आधीच वेगवेगळे मिळतात, म्हणजे निवडायला काही उरणार नाही, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी मी यादी दिली. मला शाबासकी हवी होती.

मामाने ती सगळ्यांसमोर वाचली. "पोरीनं एका कागदात मामीला रिटायर केली! आता तुझं काय काम हाय गं? जा, शेंगा सोल." पॅकिंगच्या मुली हसल्या. मीही, आवाज न करता.

मामीने कागद उन्हात धरला. "अक्षर किती सुरेख हाय गं तुझं," म्हणाली. मग सातही वाट्या एकाच ढिगात ओतल्या आणि डबा घासून त्यात मोहरी-जिरं भरलं.

संक्रांतीनंतर ती पळसदरीला भावाकडे गेली. किती दिवस, असं कोणी विचारलं नाही. परत ये, असंही नाही. खुर्चीवर आता खोकी असतात, त्यांच्यावर तेच ऊन. एखादा तरी संच मुका निघेल म्हणून मी वाट पाहिली. एकही निघाला नाही. काळ माणसांना वजा करतो म्हणतात. मामीची वजाबाकी मात्र माझ्या सुरेख अक्षरात आहे, आणि दर ऋतूत ती बरोबरच येते.