अळणी शेजारी

बीकरच्या तळाशी न विरघळलेलं मीठ.

"चाटून बघू नकोस हं, तुझा काही भरवसा नाही."

चांदीची काळवंडलेली तार.

समुद्रसपाटी.

सुतळीने बांधून ठेवलेली खिडकी, कारण ती वाजली की संगणकाच्या पडद्यावरची रेघ थरथरते.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्याच आयुष्यातले. मी प्रयोगशाळेतला एक जुना रेफरन्स इलेक्ट्रोड आहे. म्हणजे बोटाएवढी काचेची नळी, आत मिठाचं दाट पाणी, त्यात चांदीची तार आणि खाली बारीक छिद्रांचं टोक. मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे, त्याचा चुलतभाऊ, पोटॅशियम क्लोराइड. काचकाम करणाऱ्या काकांनी मला ज्योतीवर घडवलं तेव्हा माझी मान जरा वाकडी राहिली. "चालेल," काका म्हणाले, "याला कुठं लग्नाला उभं राहायचंय?"

माझं काम एका वाक्यात सांगतो. मी काही करत नाही. शेजारचे दोन इलेक्ट्रोड राबतात, त्यांच्यातून वीज धावते, बुडबुडे निघतात. मी नुसता स्थिर राहतो. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात ना? प्रयोगात ती समुद्रसपाटी म्हणजे मी. माझ्यापासून सगळे व्होल्ट मोजायचे. मी सरकलो, तर डोंगर जागचा न हलताही उंच किंवा बुटका दिसणार.

मी बॅटऱ्या मोजल्या. पाण्यातलं शिसं हुडकणारे सेन्सर मोजले. आकडा चांगला आला की टाळ्या सेन्सरला, वाईट आला की "रेफरन्स बदला!"

एक दिवस खरंच बदलला. सगळे जिला ताई म्हणत ती संशोधक एक स्वस्त पावडर बनवत होती. त्या पावडरीच्या मदतीने उन्हातून मिळालेल्या विजेने पाणी फोडायचं, निघालेला वायू साठवायचा, म्हणजे दिवसाचं ऊन रात्री वापरता येईल. पाणी जितक्या कमी व्होल्टला फुटेल तितकी पावडर चांगली. त्यासाठी कंपनीचा नवा इलेक्ट्रोड आला. ताठ मानेचा, चकचकीत. माझी रवानगी खिडकीतल्या मीठपाण्याच्या बीकरमध्ये झाली. पाणी आटायचं, कोणीतरी जाता-येता भर घालायचं. माझ्या टोकावर मिठाची पांढरी दाढी वाढली. कोणी पुसली नाही.

नव्याचे मात्र लाड. रोज काम संपलं की ताई त्याला धुवायची, मऊ कागदाने टिपायची आणि स्वच्छ, ऊर्ध्वपातित पाण्यात उभा करायची. मी समोरून बघत होतो. पण मला तोंड नाही, टोक आहे.

आठवडे गेले आणि ताईची पावडर सुधारत गेली. इतकी, की तिचे मार्गदर्शक सर स्वतः पडद्यापाशी येऊन उभे राहू लागले. ताईचं कितीतरी वर्षांचं काम या एका आकड्यावर आलं होतं. टिकला तर पदवी, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या टेबलावरचा दादा म्हणाला, "पार्टी दे, नाहीतर सगळ्यांना सांगेन की तू पावडरीत साखर घालतेस."

फोनवर तिची आई. "झालं का गं एकदाचं?"

"झालंच म्हण. शुक्रवारी सर शोधनिबंध पाठवतायत."

"मग घरी ये. तिथं जन्मभर बाटल्या धुतेस, इथं एक कप विसळत नाहीस."

पाठवण्याआधी एक पडताळणी हवी होती, म्हणून ताईने मला बीकरमधून काढलं. तीच पावडर, तेच पाणी, फक्त मोजायला मी. आकडा एकदम वर चढला, म्हणजे पाणी फुटायला जास्त व्होल्ट लागले. पावडर अगदी साधीसुधी निघाली.

"म्हातारा चळलाय," दादा म्हणाला. "फेकून दे."

फेकता आलं असतं. ताईने फेकलं नाही. तिने आम्हा दोघांना एकाच मीठपाण्यात उभं केलं आणि मधे मीटर जोडला. फरक जवळजवळ शून्य यायला हवा होता. आला पन्नास मिलिव्होल्ट. म्हणजे दोघांतला एक नक्की सरकलेला. ताईने आम्हाला उजेडात धरलं. माझ्या टोकावर दाढी, नव्याचं टोक लखलखीत.

"तुझ्यावर मीठ का नाही रे?" तिने त्याला विचारलं.

"चाटून बघू नकोस हं," दादा म्हणाला, "तुझा काही भरवसा नाही."

ती हसली नाही. तिची नजर त्या स्वच्छ पाण्याच्या बीकरकडे गेली आणि ती स्टुलावर बसलीच. "अळणी झालाय. मीच केला." रोज रात्री टोकातून थोडं मीठ बाहेर गेलं होतं, थोडं पाणी आत आलं होतं. पावडर सुधारत नव्हती, समुद्रसपाटी सरकत होती.

तिने प्लॅटिनमच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे सोडून, म्हणजे सगळे रेफरन्स ज्याच्याशी ताडतात त्या मूळ मापाशी, आम्हा दोघांना पुन्हा तपासलं. मी जागच्या जागी होतो. खाल्ल्या मिठाला जागलो, इतकंच.

सरांनी विचारलं, "थोडाच फरक आहे ना?"

"सर, सगळा शोध त्या थोड्यातच होता."

सरांनी खिडकीची सैल झालेली सुतळी घट्ट बांधली. मग म्हणाले, "शुक्रवार नको मग."

नव्यात ताजं मीठपाणी भरलं. आता तो माझ्या शेजारी, त्याच बीकरमध्ये राहतो, आणि त्यालाही दाढी फुटते आहे. ताईने पावडरीचा पहिला डबा पुन्हा उघडला. मित्रांनो, एखाद्याची काळजी घ्यायला निघालात, तर फडकं उचलण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा. काहींना स्वच्छ पाणी सोसत नाही.

ताईने मला बीकरमधून काढलं, त्याच्या आदल्याच दिवशी तिच्या आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून पोरीचं काम झालं म्हणून सांगून टाकलं होतं.