डॉन पेलाओच्या पोटातल्या मुंग्या

मित्रांनो, जरा हळू बोला. मी दमलोय. उभा राहून दमलोय, उघडला जाऊन दमलोय, आणि आता बंद राहूनही दमलोय.

मी एक जुना कागदी माणूस आहे, शरीरशास्त्र शिकवायला केलेला. मला कातडी नाही. नुसते लाल स्नायू, निळ्या शिरा आणि छातीपोटाला पितळेच्या आकड्या. आकड्या काढल्या की माझं काळीज, फुप्फुसं, आतडी सगळं टेबलावर मांडता येतं. तुमच्यापैकी कुणाचं काळीज रोज सकाळी काढून पोरांच्या हातात दिलंय का? मग माझं दुखणं तुम्हाला कळायचं नाही.

जन्म माझा फ्रान्सचा. कागदाचा लगदा, सरस आणि बुचाचा भुगा. तिथल्या बायकांनी बारीक कुंचल्यानं माझ्या शिरा रंगवल्या आणि म्हणाल्या, "काय देखणा झालाय!" ते माझं शेवटचं कौतुक. मग जहाज, मग नदीतली आगबोट, आणि शेवटी कोलंबियाच्या डोंगरात खेचराची पाठ. धड एका खेचरावर, पाय दुसऱ्यावर. वाटेत एका खेड्यात पेटी फुटली. तिथल्या बायांना वाटलं, हे संत बार्तोलोमेच! त्या बिचाऱ्याची जिवंतपणी कातडी सोलली होती ना. झालं, मेणबत्त्या लागल्या. एका म्हातारीनं माझ्या यकृताला हात लावून नवऱ्याची दारू सुटू दे म्हणून नवस केला. खेचरवाल्यानं मला ओढून आणलं. तिथंच राहिलो असतो तर निदान रोज फुलं मिळाली असती.

मिळालं काय, तर सान्तान्देर प्रांतातली मुलांची निवासी शाळा. विसावं शतक नुकतं कुठे लागलं होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं, 'डॉन पेलाओ', म्हणजे सोललेले साहेब. माझ्या डोक्यावर टोपी चढली, तोंडात विडी आली. हजेरीत माझं नाव घुसवलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या वतीनं "हजर!" म्हणायचं. त्या वर्गात न चुकता हजर असलेला मी एकटाच.

माझ्यावरून शिकवायचे डॉन देमेत्रिओ मास्तर. म्हातारे, एकटे, कोपराला ठिगळ लावलेला कोट. राहायचे शाळेतल्याच एका खोलीत. नोकरी सुटली तर त्यांना जायला दुसरं घर नव्हतं. माझं यकृत ते बाळाला धरावं तसं धरायचे. फक्त जठर शिकवणं त्यांनी सोडून दिलं होतं. शाळेतलं सूप इतकं पातळ, की जठराचं नाव काढलं की पोरं आधी हसायची आणि मग खरंच रडकुंडीला यायची.

वर्षाची परीक्षा सगळ्या गावासमोर व्हायची. पाद्री, महापौर, आया-बाप, बँड, सगळं. पोरानं पिशवीत हात घालायचा, हवी ती चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठीवर काहीही असो, आपलाच पाठ केलेला प्रश्न मोठ्यानं वाचायचा. एलिसेओनं फुप्फुसं पाठ केली होती, तोबियासनं काळीज. गावाला हे ठाऊक होतं. गावातले सगळे बाप असेच पास झाले होते.

पण त्या वर्षी राजधानीहून डॉक्टर कान्सीनो नावाचे तपासनीस आले. मास्तर म्हातारे झालेत, त्यांना काढून टाकायचं का, हे ठरवायलाच ते आले होते. आणि नेमकं त्याच सकाळी, रात्रीच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं आणि शाळेच्या अंगणात कुलोना निघाल्या.

कुलोना म्हणजे मोठ्या बुडाच्या, पंखवाल्या मुंग्या. भाजून मीठ लावून खातात. वर्षातून थोडेच दिवस बिळातून वर येतात, आणि तेव्हा सान्तान्देरचा माणूस हातातलं बाळ खाली ठेवून आधी मुंगी पकडतो. मी व्हरांड्यात उभा होतो. तोबियासनं ओंजळी भरभरून मुंग्या आणल्या.

"अरे, ठेवायच्या कुठं?" एलिसेओ म्हणाला. "नव्या सुटाच्या खिशात नको, आई मारेल."

"डॉन पेलाओच्या जठरात! जठर कुणाच्याच वाट्याला नाही. परीक्षा झाली की स्वयंपाकीणबाई भाजून देतील."

"पेलाओ, लेका, ढेकर देऊ नकोस हं."

आणि त्यांनी माझी आकडी लावली. कागदाच्या पोटात जिवंत मुंग्या चालतात तेव्हा कसं वाटतं, ते विचारू नका.

मला सभागृहात नेऊन उभं केलं आणि परीक्षा सुरू झाली. एलिसेओनं चिठ्ठी काढली, फुप्फुसं वाचली, फुप्फुसं घडाघडा म्हटली. टाळ्या पडल्या. डॉक्टर कान्सीनोंनी मात्र चष्मा पुसला.

"पोपट पाळलेत तुम्ही मास्तर. ती पिशवी बाजूला ठेवा. ए मुला, जठर उघड."

मास्तर पांढरेफटक पडले. "साहेब, ते जरा... नाजूक आहे."

मागून तोबियास ओरडला, "काळीज बघा ना साहेब! फार सुंदर आहे!"

"जठर," डॉक्टर म्हणाले.

एलिसेओनं डोळे मिटून आकडी काढली. पहिली मुंगी डॉक्टरांच्या नाकावर बसली.

"किडे! याच्या पोटात किडे झालेत!"

"किडे कुठले!" महापौरांच्या पत्नी, दोन्या एस्कोलास्तिका, खुर्चीवर चढल्या. "कुलोना आहेत! दार लावा आधी!"

मग काय सांगू मित्रांनो! महापौरांनी टोपी काढली, पाद्रीबाबांनी झगा पसरला, बँडवाल्यानं कर्ण्याचं तोंड पुढं केलं. "पंख धर, पंख!" "अहो, माझ्या पायाखालची आहे ती!" "सरका हो, तुमच्या घरी अंगण आहे!" दोन्या एस्कोलास्तिकांनी माझी कवटी उचकटून त्यात मुंग्या भरल्या. ती आठवड्यानं परत आली. धुऊन! कागदाची कवटी कुणी धुतं का? तेव्हापासून माझं डोकं एका बाजूनं मऊ आहे.

डॉक्टरांनी कागदावर लिहायला घेतलं. मास्तरांनी ते पाहिलं. ते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, जायचंच आहे तर एक धडा नीट शिकवून जातो."

त्यांनी एक मुंगी धरली, पंख तोडले, डोकं तोडलं, आणि कच्चीच तोंडात टाकली. "पोरांनो, दात काय करतात?"

"चावतात!" अख्खा वर्ग ओरडला.

मास्तरांचं बोट माझ्या घशावरून खाली आलं. "आता इथं. आता जठरात. इथं काय होतं, एलिसेओ?"

"रस सुटतो मास्तर. रिकामं असलं तरी सुटतो. मग रात्री झोप येत नाही."

मग आया शाळा चालवणाऱ्या रेक्टरसाहेबांकडे बघायला लागल्या, आणि रेक्टरसाहेब छताकडे. मास्तरांचं बोट आतड्यांतून फिरत राहिलं, पोरं उत्तरं देत राहिली, आणि पाठ केलेलं त्यात काहीच नव्हतं. अख्खं गाव पकडलेल्या मुंग्या चावत चावत ऐकत होतं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आणि ही... पचते?"

"खाऊन बघा साहेब."

त्यांनी डोळे मिटून खाल्ली. बराच वेळ चावली. मग लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला.

मास्तर राहिले. सूपही जरा दाट झालं. पण डॉक्टरांनी जाता जाता हुकूम दिला, की हा पुतळा पोरांच्या हाती परत द्यायचा नाही. मला काचेच्या कपाटात कोंडलं. मास्तर त्यानंतर फळ्यावर चित्रं काढून शिकवायचे आणि मधूनच काचेवरची धूळ रुमालानं पुसायचे. एक दिवस ते गेले. मग पुसायलाही कुणी उरलं नाही. आज माझ्या पितळेच्या आकड्या हिरव्या पडल्यात, आणि येणारेजाणारे म्हणतात, "बघा, किती छान जपलाय."

मित्रांनो, याला जपणं म्हणत नाहीत. तुमच्या शाळेत असं एखादं कपाट असेल, तर किल्ली शोधा. आतल्याला बाहेर काढा, उघडा, हाताळा, चुकीच्या जागी चुकीचं आतडं बसवा. मलाही काढा; मी कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नका. आणि माझ्या पोटात अजून एखादी कुलोना सापडली, तर ती खाऊ नका. फार जुनी झाली असेल.